बॅग हलवायची नाही

आणल्या आणल्या मांजराने घरभर एक भेदरलेली नजर टाकली आणि थेट आजोबांच्या पलंगाखालच्या बॅगेत उडी घेतली.

बॅग उघडीच होती. आजोबांनी तीस वर्षं लांब पल्ल्याची बस चालवली. मुक्कामाच्या गावी बॅग रिकामी करायची नाही, लागेल तो कपडा काढायचा आणि धुऊन परत आत ठेवायचा, ही त्यांची शिस्त. "बॅग रिकामी झाली की माणूस सैलावतो," ते म्हणत. लेकीच्या घरी येऊन दोन महिने झाले, तरी ती शिस्त मोडली नव्हती. आईने त्यांच्यासाठी मोकळं करून दिलेलं कपाट तसंच मोकळं होतं.

आणि येत्या रविवारी ते परत निघाले होते. आपल्या गावी, ज्या घरी ते एकटेच राहायचे त्या घरी. जिथे ते चक्कर येऊन पडले आणि शेजाऱ्यांना दुसऱ्या दिवशी कळलं, त्याच घरी. आई रडून झाली, भांडून झाली. "पाहुणा होतो, बरा झालो, निघालो," एवढंच त्यांचं उत्तर.

नातीने तडक मांजरांच्या डॉक्टरीणबाईंना स्पीकरवर फोन लावला. नातीला घरात सगळे टकळी म्हणत, कारण तिचं तोंड म्हणे झोपेतही बंद नसे.

"ओढून काढू नका," बाई म्हणाल्या. "त्याने जागा निवडलीय ना, मग ती हलवायची नाही. वाटी जवळ ठेवा. आणि भित्र्या जिवाकडे रोखून बघायचं नाही. जणू ते आपल्याला दिसतच नाही, असं वागायचं. येईल आपणहून."

"किती दिवसांत?"

"त्याची मर्जी. आठवडा लागेल, महिना लागेल."

टकळीच्या डोक्यात लख्खकन प्रकाश पडला. "ऐकलंत ना आजोबा? बॅग हलवायची नाही!"

"रविवारपर्यंत येईल की," आजोबा पुटपुटले. "माझं तिकीट काढलंय."

पहारा वाटून घेतला गेला. सकाळ-संध्याकाळ टकळी, दुपारी ती शाळेत असताना आजोबा. टकळी जमिनीवर बसून मांजराला इतिहासाचा धडा वाचून दाखवी. बॅगेत नुसते दोन डोळे, बाकी अंधार. बाहेर ये रे राजा, ती मनात म्हणे. आणि लगेच, नको नको, सोमवारी ये.

शाळेतून आली की दप्तर पाठीवर असतानाच ओरडायची, "आलं का?"

"छे! मिशीसुद्धा दाखवली नाही."

तिला आतून आनंदाच्या उकळ्या फुटायच्या. वाटी मात्र रोज चाटूनपुसून लख्ख.

रविवार आला. बॅगेत मांजर, मग माणूस निघणार कसा? तिकीट रद्द झालं. पुढच्या रविवारीही तेच. कपडे तर लागणारच, म्हणून आजोबा मांजराला धक्का न लावता एकेक शर्ट हळूच ओढून काढत. धुतलेला शर्ट परत आत ठेवायची सोय नव्हती. तो कपाटात जाई. आई ते बघे आणि नजर वळवून आपल्या कामाला लागे.

तिसऱ्या आठवड्यात शाळा एक दिवस लवकर सुटली. टकळीने आपल्या किल्लीने दार उघडलं, आणि तिचं तोंड जन्मात पहिल्यांदा आपोआप मिटलं.

खोलीत आजोबा खिडकीशी खुर्ची टाकून बसले होते. त्यांच्या मांडीवर मांजर, चारी पाय वर करून. "तो वळणावरचा ट्रक बघ," आजोबा त्याला सांगत होते, "याला लायसन्स दिलं कुणी? मागे घ्यायची अक्कल नाही!" मांजराने जांभई दिली. ही काही आजची ओळख नव्हती. खिडकीत घडी घालून ठेवलेला आजोबांचा मफलर केसांनी पांढरा झाला होता.

टकळी पाऊल न वाजवता मागे सरकली. दार ओढून घेतलं. मग बाहेरून किल्ल्या खुळखुळवल्या, दोनदा खोकली, बूट आपटले आणि कुलपाशी उगाचच झटापट केली. आत खुर्ची करकरली. तिने मनात दहा अंक मोजले.

ती खोलीत गेली तेव्हा आजोबा पलंगावर वर्तमानपत्र वाचत होते. थोडी धाप लागलेली. काळ्या स्वेटरवर पांढरे केस.

"आलं का?"

"छे गं! मिशीसुद्धा दाखवली नाही."

तेवढ्यात मांजर बॅगेतून बाहेर आलं. त्याने अंग ताणलं, पलंगावर उडी मारली आणि सरावाने आजोबांच्या मांडीत गोल होऊन बसलं. आजोबांचे कान लालबुंद झाले. वर्तमानपत्र हळूहळू वर जाऊन तोंड झाकू लागलं.

टकळीच्या जिभेवर शंभर गोष्टी आल्या. तिने त्या सगळ्या गिळल्या आणि चटकन मान खिडकीकडे वळवली. भित्र्या जिवाकडे रोखून बघायचं नाही.

"घाई नाही हं आजोबा," ती त्या ट्रककडे बघत म्हणाली. "येईल आपणहून."