खटक्याचा आवाज

सिन्नरच्या कारखान्यात कॉम्प्युटर सर्व्हरचे सरकते खण बनत. खण आत ढकलला की खटका बसून 'खट्' असा आवाज यायचा. तो ऐकून माल पास करायचं काम पहिल्यापासून शकुमावशींकडेच होतं.

आज गिऱ्हाइकाकडून अख्खी पेटी परत आली. खण आत टिकतच नव्हते.

सुपरवायझर तांबटनं मावशींसमोर एक खण आत ढकलला.

"आला आवाज, मावशी?"

"आला की, साहेब."

त्यानं खण ओढून उलटा धरला. त्याला खटका बसवलेलाच नव्हता.

मावशी त्या रिकाम्या जागेवरून बोट फिरवत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "मंग रविवारी घरी दिवसभर 'खट् खट्' आवाज येतो, तो शेजारणीच्या कडीचा नाय?"