आठ बटणांचा डबा

"ही तार कुठल्या गाढवाने निवडली?" बाबांनी विचारलं. गाढव समोरच उभं होतं, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

लेकीने चार रविवार खपून तो डबा बनवला होता. अर्धांगवायूने आईची वाचा गेली होती. बटण दाबलं की लेकीच्या आवाजात भरलेलं एक वाक्य वाजणार, अशी आठ बटणं. बटणांचा बोर्ड आईच्या हाताशी, आवाजाचा बोर्ड डब्यात, मध्ये नऊ तारा: बटणागणिक एक आणि एक सगळ्यांची सामाईक. पण डबा जुळवता जुळवताच तीन तारा तुटल्या. आईच्या हातात तो पोचलाच नाही.

बाबांचा जन्म रेडिओ-टीव्ही दुरुस्त करण्यात गेला होता. आणि माणसांना टाकून बोलण्यात.

"दारावरच्या घंटीची तार आहे ही. आत तांब्याची एकच काडी. भिंतीत निपचित पडायला ठीक. इथे दिवसभर वाकणार, मग तुटणार नाही तर काय! आणि हे सोल्डर? चिमणी शिटल्यासारखं! इतिहास शिकवणाऱ्यांनी इतिहासच शिकवावा, बाई. अक्कल लागते ती कामं आम्हाला सोडावीत."

लेक खाली मान घालून उभी राहिली. शाळेत चाळीस मुलांचा वर्ग तिला टरकून असे.

आई पलंगावरून बघत होती. "तू काय बघतेस? तुला काय कळतंय यातलं," बाबा तिच्याकडे न वळताच म्हणाले.

त्यांनी नऊही तारा उपटून फेकल्या. आपल्या पेटीतून मऊ तार काढली, आत केसासारखे बारीक पुष्कळ धागे असलेली. एकेक टोक पिळलं, वितळलेल्या सोल्डरमध्ये भिजवलं, छिद्रात बसवून तापल्या सळईने डाग दिला. जोड चकचकीत उतरला. प्रत्येकावर रबरी नळी चढवली. मग तारांची जुडी थोडी सैल ठेवून बोर्डालाच बांधली.

"ओढ बसली तर ती जोडावर येता कामा नये. कळलं? जाऊ दे, नाही कळायचं."

हात मात्र देखणे चालत होते. लेक नाइलाजाने बघत राहिली.

मीटर लावून त्यांनी नऊच्या नऊ तारा तपासल्या. बोर्ड बायकोच्या हाताखाली सरकवला.

"दहा वर्षं हलणार नाही आता. दाब. बघू काय बोलतेस ते."

आईचं बोट सावकाश सरकत गेलं. सात बटणं ओलांडून आठव्यावर थांबलं. तिने ते सगळा जोर लावून दाबलं.

"अहो, पोरीला असं बोलू नका. मला ते सोसत नाही. कधीच सोसलं नाही."

बाबा डब्याकडे बघत राहिले. मग लेकीवर उखडले. "हे असले उद्योग तुझे?"

"आईने तक्त्यावरचं एकेक अक्षर बोटाने दाखवून माझ्याकडून लिहून घेतलंय," लेक म्हणाली. "अख्खी दुपार लागली. मी म्हटलं, आधी पाणी, औषध, असलं काहीतरी सांग. तिने नकारार्थी मान हलवली. आधी हेच."