तिसरा टी-शर्ट

सत्त्याण्णव साली बिरवाडीच्या एका खोलीत कारखान्यातले तिघे राहत, आणि जीन्स होती एकट्या दत्तारामकडे. स्ट्रेट कट, स्टोनवॉश. वरचा टी-शर्ट बदलला की खालची जीन्स कोणी ओळखत नाही, असं त्याचं ठाम मत होतं. त्या मताच्या जोरावर ती जीन्स पोलादपूरच्या मोऱ्यांकडे मुलगी बघायला दोनदा जाऊन आली. एकदा लहूच्या पांढऱ्या टी-शर्टखाली, एकदा किसनच्या पट्ट्यापट्ट्यांच्या. दोघांनाही नकार आला.

मग मध्यस्थाने दत्तारामचं नाव काढलं. तो मरून रंगाचा टी-शर्ट घालून गेला. पोहे झाले, मोठी माणसं उठून आत गेली आणि ओटीवर दोघंच उरली. मुलगी, सुगंधा, त्याला पहिल्या नजरेतच आवडली होती. ती मात्र त्याच्या गुडघ्यांकडे बघत होती.

"एक विचारू? ही जीन्स पहिल्याला घोट्याच्या वर होती. दुसऱ्याने खाली दोन घड्या मारल्या होत्या. तुम्ही कोणाकडून मागून आणलीत?"

सगळं मुसळ केरात जाणार, हे दत्तारामला दिसत होतं. पण खोटं काही सुचेना.

"माझीच हाय. त्या दोघांना मीच दिलेली. टी-शर्टपण मीच निवडलेले."

सुगंधाने जीन्स खालपर्यंत नीट पाहिली. बुटांवर बरोबर टेकली होती. तिने पदर तोंडाला लावला, तरी हसू बाहेर आलंच.

"मग दोनदा नुसती जीन्स कशाला धाडलीत? आधीच स्वतः यायचं होतं ना!"