जावेचा पासवर्ड

धाकट्या जावेने बटण दाबलं आणि मी कपातला चहा ढवळेपर्यंत लॅपटॉप सुरूसुद्धा झाला. माझाच जुना. दिवाळीत सगळ्यांसमोर “घे हे भंगार” म्हणत मीच तिला दिलेला.

“आधीचं सगळं पुसून लिनक्स टाकलं, ताई. फुकट मिळतं. आता नुसता पळतो.”

माझा साठ हजारांचा नवा असा कधी पळाला नाही. माझ्या पोटात दुखायलाच लागलं.

“महिनाभर मला दे गं,” मी म्हटलं. “तसा माझाच आहे.”

“न्या की!” तिने तो मिटून माझ्या हातात दिला.

घरी आणून उघडला, तर पासवर्ड मागू लागला. मी तिला फोन केला.

“सोपा आहे,” ती म्हणाली. “दिवाळीत तुम्हीच त्याचं नाव ठेवलं होतंत ना, तेच.”

मी ‘भंगार’ टाइप केलं. मेला क्षणात उघडला.