शीतलाचा निरोप

“येतो हं, शीतला,” म्हणत तुळपुळेकाका निवृत्तीचा हार गळ्यात घेऊनच नियंत्रण कक्षातून निघाले.

त्यांच्या खुर्चीत जुईली बसली. अणुभट्टी थंड ठेवणारे पाण्याचे पंप आजपासून तिच्या जबाबदारीवर होते. “शीतला, राखीव पंपाची चाचणी सुरू कर.”

“नाही,” पंप सांभाळणारी संगणकप्रणाली म्हणाली. “काका ‘येतो’ म्हणालेत. तोवर जबाबदारी त्यांचीच. ते लवकर आले नाहीत, तर सुरक्षेसाठी मी भट्टी बंद करीन.”

पहिल्याच पाळीत भट्टी बंद! जुईली धावत सुटली आणि काकांना फाटकावरून परत घेऊन आली.

“काका, एकदा फक्त ‘जातो’ म्हणा.”

“काहीतरी अभद्र! निघताना ‘जातो’ म्हणतात का कुणी?” काका शीतलाकडे वळले. “अगं, आमच्यात जाणारासुद्धा ‘येतो’च म्हणतो.”

“मग खरंच परत येणारा काय म्हणतो?”

“तोही ‘येतो’च.”

“असं असेल तर मी ओळखायचं कसं?”

जुईलीला हसू आलं. “शीतला, कधी येणार ते विचार त्यांना.”

“कधी येणार, काका?”

“येईन की... सवडीनं कधीतरी.”

“कळलं,” शीतला म्हणाली. “जबाबदारी जुईलीकडे. चाचणी सुरू.”

राखीव पंप घुमू लागला. काकांनी हार सारखा केला. “बरं, येतो.”

“या,” शीतला म्हणाली, आणि या वेळी तिनं वाट पाहिली नाही.