घागर घरातच होती

“थांब. हा माणूस खोटं बोलतोय,” बाबा म्हणाले.

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांच्या डोळ्याला पट्टी होती, म्हणून मी त्यांना एक जुनी कादंबरी वाचून दाखवत होते. गोष्ट नायकच सांगत होता. त्याची बायको पाणी आणायला गेली आणि पाय घसरून विहिरीत पडली. वाचताना माझेच डोळे भरून आले होते.

“पाणी आणायला गेली, तर घागर घरात कशी? नंतर त्याच घागरीतलं पाणी प्यायलाय तो.”

मी पानं मागे उलटली. खरंच होतं. मग मला कसं दिसलं नाही?

“रडत सांगितलं की कुणी उलट विचारत नाही गं,” बाबा हसले.

मी पुढे वाचायला गेले, पण ओळ सापडेना. मी बालवाडीत असताना आई सगळं ठरवून, आम्हाला टाकून एसटीनं निघून गेली, असं बाबा सांगत आलेत. चष्म्याशिवाय तिला एसटीची पाटीही वाचता येत नसे, हेही कधीतरी त्यांनीच सांगितलेलं. आणि आईचा चष्मा तर मी लहानपणापासून कपाटात बघते आहे.

“बाबा, आई चष्मा न घेताच कशी गेली?”

त्यांचा हात डोळ्यावरच्या पट्टीकडे गेला.

“घाईत विसरली असेल,” ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज रडवेला झाला.

माझा पुन्हा विश्वास बसायला लागला.