फसफसाटातला आवाज

फाइल उघडली आणि खोलीभर नुसता फसफसाट झाला. भिंगरीने घाईघाईने आवाज कमी केला.

"काय गं ते?" आईने स्वयंपाकघरातून विचारलं.

"बाबांचा आवाज. म्हणजे, असायला हवा होता."

आतली भांडी वाजायची थांबली.

भिंगरी हे बाबांनी ठेवलेलं नाव. पोर एका जागी टिकायची नाही म्हणून. तिशी आली तरी विचार करताना ती खोलीभर फेऱ्या मारायची. बाबा मात्र शांत. ती पाळण्यात असताना त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज कायमचा गेला. तेव्हापासून त्यांचं बोलणं पाटीवर. पण आता हात थरथरायला लागले होते आणि लिहिलेलं त्यांचं त्यांनाही लागत नव्हतं. डॉक्टरांनी मोठ्या बटणांचं एक यंत्र सुचवलं. टाइप केलेलं ते बोलून दाखवायचं, पण स्टेशनवरच्या सूचनेसारख्या आवाजात. बाबांनी दोन वाक्यं ऐकली आणि यंत्र कपाटात ठेवून दिलं.

"जुनं रेकॉर्डिंग असेल तर यंत्र त्याच आवाजात बोलेल," डॉक्टर म्हणाले होते.

म्हणून तिने माळा उपसला. एके काळी बाबा एका प्रयोगशाळेत होते. तिथे संगणकाला बोलायला शिकवायचा खटाटोप चालायचा. बाबा आणि त्यांचा एक मित्र, दोघंच. एक मशीन सांभाळायचा, दुसरा काचेच्या खोलीत बसून शब्द वाचायचा. तो मित्र तिच्या जन्माआधीच अपघातात गेला. प्रयोगशाळा बंद पडली. माळ्यावर उरली होती ती एक जड डिस्क.

तिने ती बाबांपुढे धरली. "यात आवाज आहे ना?"

बाबांनी डिस्क हातात घेतली, उलटीसुलटी करून पाहिली. मग पाटी ओढून वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं, "ऐक."

पण ऐकायचं काय? तिने फाइल सावकाश चालवून पाहिली, वेगात चालवून पाहिली. तापल्या तव्यावर पाणी ओतावं तसा तोच फसफसाट.

"खराब झाली असेल," आई म्हणाली. "सोडून दे ना. तो आवाज आता कशाला हवाय?"

"तुला नाही ऐकावासा वाटत?"

आई ओट्यावरून फडकं फिरवत राहिली. ओटा स्वच्छच होता.

पुढचे काही दिवस भिंगरीला चैन पडेना. जेवताना उठायची, पुन्हा फाइल उघडायची, पुन्हा बंद करायची. बाबा खुर्चीतून तिच्याकडे बघत बसायचे. एकदा त्यांनी पाटी मांडीवर घेतली, काहीतरी लिहिलं आणि तिने बघायच्या आत पुसून टाकलं.

उत्तर ऑफिसात सापडलं. एका प्रोसेसरसाठी लिहिलेला प्रोग्रॅम दुसऱ्यावर चालवून द्यायचा, हे तिचं रोजचं काम. त्या दिवशी जुन्या मशीनने पाठवलेला एक हा आकडा नव्या मशीनवर दोनशे छप्पन्न दिसत होता. शेजारचा सहकारी वैतागला. ती मात्र ताडकन उठली, सुट्टी टाकली आणि भर दुपारी घरी आली.

"बाबा, मी मूर्ख आहे," चपला काढता काढता ती म्हणाली. "सत्तावीस लिहिताना आपण दोन आधी लिहितो. बोलताना? सत्ता आधी, वीस नंतर. तुमचं जुनं मशीन लिहिल्यासारखं ठेवायचं, मोठा भाग आधी. माझं ठेवतं बोलल्यासारखं, लहान भाग आधी. आवाजाचा एकेक आकडा दोन बाइटचा, आणि मी प्रत्येक उलटा वाचत होते. सत्तावीसचे बहात्तर."

बाबा हसले. त्यांना कळलं होतं. मग हळूहळू ते हसू मावळलं.

तिने प्रत्येक जोडीतल्या बाइटची अदलाबदल केली आणि फाइल चालू केली.

"पाणी," एक पुरुष म्हणाला. "दार. खिडकी. ऊन." स्वच्छ, उबदार आवाज, खोलीत माणूस बसल्यासारखा. बरेच शब्द झाले. मग तो खळखळून हसला. "बास का रे आता? भूक लागली."

आई दारात येऊन उभी होती. ती तिथेच उंबऱ्याला टेकून खाली बसली. ओले हात तिने तसेच तोंडावर धरले.

"अगदी तसाच," ती म्हणाली.

भिंगरीचे डोळे भरून आले. तीस वर्षांनी आईने हा आवाज ऐकला होता, आणि तिने स्वतः पहिल्यांदाच. तरी ते हसू तिला ओळखीचं वाटलं. तिने बाबांकडे पाहिलं. ते आईकडे बघत होते.

संध्याकाळपर्यंत यंत्राने तो आवाज उचलला. भिंगरीने ते बाबांच्या मांडीवर ठेवलं आणि ती समोर बसली. चक्क बसली.

"काहीही बोला. पहिलं वाक्य माझ्यासाठी."

बाबांनी टाइप केलं. खोडलं. पुन्हा केलं. बोटं थरथरत होती, म्हणून वेळ लागत होता. शेवटी त्यांनी मान वर करून आईकडे पाहिलं. तिने होकारार्थी मान हलवली.

त्यांनी बटण दाबलं.

"भिंगरे," तो उबदार आवाज म्हणाला, "हा आवाज माझा नाही. माझ्या मित्राचा आहे. तुझ्या वडिलांचा."